हातचा

जूनमध्ये हुलियाकात बादलीतलं पाणीसुद्धा गोठतं,
तेव्हा माझ्या दुकानात अकरा मशीन गरम असतात.
पोरं खेळायला येतात की ऊब घ्यायला,
मी विचारत नाही. तासाला एक सोल.

सात नंबरवर येर्सन.
त्या खुर्चीचा डावा हात मोडलाय, तरी त्याला तीच लागते.
त्याच्या नावापुढे सोनेरी ढाल आहे, तीन रेघांची.
चौथी आली की वरचं मैदान.
चौथी गेले चाळीस दिवस येतेय.

जिंकला की चौदा मिळतात.
हरला की बावीस जातात.
गल्ल्यावर बसून मी ऐकते,
चौदा, चौदा, बावीस,
चौदा, बावीस, आणि एक शिवी.
मी बटाटे विकणाऱ्या बाईची मुलगी.
म्हटलं, पोरा, कुणीतरी काटा मारतंय.

तो हसला नाही.
म्हणाला, सेन्योरा, आत दुसरा आकडा असतो.
ढाल सांगते मी कुठे आहे,
तो ठरवतो मी कुठे असायला हवा होतो.
दोघांचं जुळेपर्यंत हे असंच चालणार.
मग विचार की त्याला, किती आहेस म्हणून.
तो दिसत नाही, म्हणाला,
आणि पुढचा सामना शोधायला लावला.

मला मात्र ठाऊक होतं, न विचारता.
गेल्या वर्षी आठ नंबरवर एल्मेर बसायचा.
दोघं एकाच पाकिटातला मका खात, एकाच बाजूने खेळत.
एल्मेरची बोटं अशी चालत
की बाकीची पोरं आपला खेळ सोडून मागे उभी राहत.
ढाल सोनेरी झाली त्या रात्री
येर्सनने सगळ्यांना गरम एमोलिएन्ते पाजलं,
त्यातले चार ग्लास माझ्याकडून उधार.
मशीनने तेव्हा टाळ्या वाजवल्या, फटाके उडवले,
आणि आत कुठेतरी, मुकाट्याने, वजाबाकी केली.

एल्मेर आता वर खाणीत आहे.
तिथे महिनाभर फुकट खणायचं,
मग एक दिवस पोत्यात मावतील तेवढे दगड आपले.
सोनं आहे की नाही ते दळल्यावर कळतं.
दोनदा नव्हतं, असं त्याची आई सांगत होती.

आठ नंबरवर आता कुणीही बसतं.

माझ्याकडे उधारीची वही आहे.
नाव, तारीख, रक्कम. कुणीही उघडून बघावी.
पण कुणाला किती द्यायचं ते मी वहीवरून ठरवत नाही.
शाळेत बेरीज करताना वर छोटा एक मांडायचो,
बाईंनी नंतर तोही बंद केला,
मनात ठेवा म्हणाल्या.
तसं आहे ते.
येर्सनच्या चुलतभावाचं खातं कोरं,
आणि त्याला मी अर्धा तासही देणार नाही.
येर्सन मार्चमध्ये आठ सोल घेऊन आला,
सगळी नाणी माशांच्या पेटीत भिजलेली,
तेव्हा त्याचा आकडा मी वाढवला.
मेमध्ये तो आईशी खोटं बोलला माझ्यासमोर,
तेव्हा थोडा उतरवला.
त्याला यातलं काही माहीत नाही.
मशीनला शिव्या देतो. मला सेन्योरा म्हणतो.

काल रात्री दोन वाजता तो जिंकला,
एकटा, चार अनोळखी पोरांना ओढत.
पडद्यावर काय आलं ते त्याने बघितलंसुद्धा नाही,
हात चोळत होता.
पंधरा, मी म्हटलं.
काय?
पंधरा आलेत. रोज चौदा येतात.

तो बराच वेळ त्या पंधराकडे बघत राहिला,
त्यातल्या वरच्या एकाकडे,
जो कुठून आला ते कुणी सांगणार नव्हतं.
मग पुढचा सामना हरला. एकवीस.
आणि चाळीस दिवसांत पहिल्यांदा हसला.

सेन्योरा, अजून एक तास? उद्या देतो.

मी वही उघडली,
उगाच पान शोधल्यासारखं केलं.